गजकर्ण घरात शिरलं आणि आठ महिने हललं नाही

ओवी | ६ जुलै

परवा लोकलमध्ये शेजारच्या मुलीच्या पर्समधून पाण्याची बाटली काढताना एक ट्यूब खाली पडली. मी उचलून दिली. ट्यूब ओळखीची होती, आमच्या घरातून तिची पाच रिकामी खोकी निघाली होती. मुलगी सारखी ओढणीआडून कमरेशी खाजवत होती. तिला काही सांगावं असं फार वाटलं, पण धीर झाला नाही आणि ती ठाकुर्लीला उतरून गेली. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून इथे लिहितेय.

मागच्या जूनमध्ये ह्यांच्या जांघेत खाज सुरू झाली. डोंबिवलीहून सीएसएमटी, सव्वा तास, गुडघ्यापर्यंत भिजलेली जीन्स, आणि मग दिवसभर एसीत ती अंगावरच वाळायची. नाजूक जागेचं दुखणं म्हणून ह्यांनी मला दोन महिने सांगितलंच नाही. औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं "खाज येते" म्हणाले, त्या माणसाने काही न विचारता ट्यूब पुढे केली. दोन दिवसांत खाज बंद, चार दिवसांत लाली गायब. ट्यूब संपली आणि दहाव्या दिवशी सगळं परत, पहिल्यापेक्षा मोठं. मग दुसरी ट्यूब, मग तिसरी.

दिवाळीपर्यंत ह्यांच्या कमरेभोवती पट्टा झाला होता. मला परकराच्या नाडीखाली झालं. मुलगा सहा वर्षांचा, त्याला नेमकं करगोट्याखाली. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांना छातीखालच्या घडीत. म्हणजे घरातली चारही माणसं, आणि चौघंही एकमेकांपासून लपवत होतो. सासूबाई रात्री पदराने वारा घेत बसायच्या, मला वाटायचं उकडतंय त्यांना.

जानेवारीत त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आतापर्यंत काय काय लावलंत? सगळ्या ट्यूबा घेऊन या." मी पिशवी उलटी केली. त्यांनी एक ट्यूब उचलून मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. तीन औषधं होती. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं, आणि तिसरं क्लोबेटासोल. हे स्टेरॉइड, आणि स्टेरॉइडची जी मलमं मिळतात त्यात सगळ्यात कडक. खाज थांबवत होतं ते हेच. अंगाचा बुरशीशी चाललेला झगडा ते बंद पाडतं, म्हणून लाली जाते. आणि झगडा बंद पडल्यावर बुरशीला रान मोकळं.

मग त्यांनी ह्यांच्या चट्ट्याची कड बोथट पात्याने खरवडली, कोंडा काचपट्टीवर घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. कातडीच्या पेशी पाण्यात विरघळल्यासारख्या फिक्या झाल्या होत्या आणि त्यांच्यामधून बारीक, काचेसारख्या, फांद्या फुटलेल्या नळ्या आडव्यातिडव्या गेल्या होत्या. मला भाताच्या रोपाची मुळं आठवली. आठ महिने ज्याच्यावर आम्ही ट्यूबा थापत होतो ते हे. तपासणीला २०० रुपये लागले आणि पंधरा मिनिटं. पहिल्याच महिन्यात केली असती तर!

चौघांचे उपचार एकाच दिवशी सुरू झाले. पोटात घ्यायच्या गोळ्या कुणाला किती ते वेगवेगळं, लावायचं मलम मात्र साधं, एकाच औषधाचं. फेब्रुवारी संपता संपता चट्टे गेले. ह्यांच्या मांडीच्या आतल्या बाजूला मात्र गरोदरपणात पोटावर येतात तशा पांढऱ्या रेघा राहिल्यात. त्या स्टेरॉइडच्या. त्या जाणार नाहीत असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय.

पावसाळा परत आलाय. ज्यांना झालंय, होऊन गेलंय, जे उपचार करतात, सगळ्यांनी लिहा. लाजू नका, इथे कुणी कुणाला ओळखत नाही.

कैरी | ६ जुलै

ओवी, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या फ्रिजच्या दारात अशीच एक ट्यूब आहे, नवऱ्याला जिमवाल्याने दिलेली. आत्ता जाऊन मागचं वाचलं. बेटामेथासोन लिहिलंय. हे पण तेच का?

रानजाई | ६ जुलै

कैरी, हो, तेच.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, विदर्भात प्रॅक्टिस करते. नावं ओळखायची एक सोय सांगते. शेवटी '-सोन' असेल तर स्टेरॉइड: बेटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन. '-टासोल' असेल तरी स्टेरॉइडच: क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल. '-कोनाझोल' असेल तर ते बुरशीवरचं: केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, सर्टाकोनाझोल. क्लोट्रिमाझोल आणि टर्बिनाफिन हीपण बुरशीवरचीच. ही औषधं वाईट नाहीत, स्टेरॉइडसुद्धा नाही. इसबाला, सोरायसिसला मी रोज स्टेरॉइड लिहून देते. बुरशीवर ते लावणं ही चूक आहे.

आमच्याकडे येणाऱ्या गजकर्णाच्या रुग्णांपैकी आधी असलं मिश्र मलम न लावलेला माणूस मला क्वचित भेटतो. आणि त्यामुळे रोगाचं रूपच बदलतं. पुस्तकातलं गजकर्ण म्हणजे गोल चकती, कड उठलेली, लाल, खवल्यांची, आणि मध्ये बरी होत आलेली कातडी. बुरशी कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाते आणि खात खात बाहेर सरकते, म्हणून कडं तयार होतं. स्टेरॉइड लावलेल्याला ही कड नसतेच. नुसता तपकिरी, विस्कटलेला डाग, किंवा एका कड्यात दुसरं कडं. इसब समजून अजून स्टेरॉइड दिलं जातं. म्हणून खरवडून बघणं महत्त्वाचं, आणि तेही कडेवरून, मधून नाही.

आता बुरशीबद्दल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आम्ही शिकत होतो तेव्हा गजकर्ण हा सोपा आजार होता. दोन आठवडे मलम, फार तर दोन आठवडे टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅमची रोज एक गोळी, बस. गेल्या दशकात भारतभर चित्र पालटलं. रुग्ण वाढले, आणि गोळ्या घेऊनही बरं न होणारे वाढले. यामागची जी बुरशी आहे तिला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव दिलं. जपानात राहणाऱ्या एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाच्या कातडीतून ती त्यांना मिळाली होती. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं त्या विकराच्या जनुकातच या बुरशीच्या अनेक वाणांमध्ये बदल झालेला आहे, त्यामुळे औषध तिथे बसतच नाही. मग इट्राकोनाझोल वापरावं लागतं, आणि दोन आठवडे नाही, सहा, आठ, कधी त्याहून जास्त.

इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, नुसत्या चहा-बिस्किटावर नाही. पित्तावरची गोळी सोबत घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही, आणि आपल्याकडे निम्मं गाव सकाळी उठल्याबरोबर पित्ताची गोळी घेतं! हृदयाचा पंप कमजोर असलेल्यांनी हे औषध घ्यायचं नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. म्हणून डॉक्टरांना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवा. दुसऱ्याची चिठ्ठी बघून हे औषध कृपा करून घेऊ नका.

भातखाचर | ७ जुलै

आजरा तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडं आता रोप लावण चाललीय. बायका सकाळी आठला चिखलात उतरतात त्या संध्याकाळीच वर येतात. पंधरा दिवसांत सगळ्यांच्या पायाला चिखल्या. बोटांच्या बेचक्यात कातडं पांढरं फटक पडतं, भिजलेल्या कागदासारखं निघतं, खाली लाल मांस. चप्पल घालवत नाही. आमची आई रात्री पाय धुऊन मेंदी वाटून बेचक्यात भरते, कुणी हळद-तेल लावतं. तेवढ्यावर लावण निघते.

दुसरं म्हणजे आमच्या पाडीच्या डोळ्याभोवती आणि मानेवर पांढरट, कवच धरल्यासारख्या चकत्या आल्यात. तिला रोज धरून दूध पाजतो, आता माझ्या कोपराखाली तसंच गोल उठलंय. जनावराचं माणसाला होतं का?

तांबडीमाती | ७ जुलै

कोल्हापूरला तालमीत चार वर्षं काढलीत. नायटा आलेल्या पोराला आमचे वस्ताद हौद्यात उतरू देत नसत. नुसतं बाजूला बसवत नसत, तर त्याचा लंगोट वेगळ्या दोरीवर, अंग पुसायचा पंचा वेगळा. हौद्याच्या मातीत हळद, कापूर, लिंबू, ताक, तेल पडायचं. त्याने नायटा थांबतो की नाही मला माहीत नाही, पण पंचा वेगळा ठेवल्याने थांबायचा हे डोळ्यांनी बघितलंय. आता मॅटवर सराव करतात ती पोरं एकमेकांचे नी-कॅप आणि टॉवेल सर्रास वापरतात. मॅट पुसत नाहीत. त्यांना कुणीतरी हे शिकवायला पाहिजे.

दूर्वा | ७ जुलै

आयुर्वेदात याला दद्रु म्हणतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात माळावर उगवणारा टाकळा, ज्याची कोवळ्या पानांची भाजी कोकणात सगळे खातात, त्याची संस्कृत नावं चक्रमर्द आणि दद्रुघ्न. दद्रुघ्न म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. आमच्या आजोळी टाकळ्याचं बी ताकात वाटून लेप लावायचे. मला लहानपणी दंडावर रुपयाएवढं झालं होतं, ते त्यानेच गेलं. सगळ्यांनी एकदम गोळ्यांवर उडी का घ्यावी?

रानजाई | ८ जुलै

दूर्वा, तुमचा मुद्दा मी हलकेपणाने घेत नाही. ज्या रोगाच्या नावावरून झाडाचं नाव पडलं त्या झाडाकडे लोकांनी शेकडो वर्षं लक्ष दिलेलं असतं. रुपयाएवढी एकच चकती, निरोगी मूल, पूर्वीची मवाळ बुरशी, तिथे लेपाने बरं वाटलं असेल. पण आज माझ्यासमोर येणाऱ्याच्या कमरेपासून मांडीपर्यंत कातडी व्यापलेली असते. तिथे लेप लावत बसलात तर वेळ जातो आणि तेवढ्यात घरातल्या बाकीच्यांना होतं.

लसूण वाटून लावू नका एवढं मात्र कळकळीने सांगते. जांघेत लसूण बांधून रात्रभर झोपलेला एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला होता. भाजल्यासारखे फोड, कातडी सोललेली. त्याला नीट चालता येत नव्हतं. लिंबू, चुना, ब्लीच, बॅटरीतलं पाणी, सगळं लावून आलेली माणसं पाहिलीत. दुखण्याची लाज माणसाला कुठवर नेते ते आमच्या ओपीडीत कळतं.

पथ्याबद्दलही विचारणा होतात. वांगं, दही, आंबट बंद केल्याने बुरशी मरत नाही. साखर मात्र ताब्यात हवी. मधुमेह वाढलेला असेल तर गजकर्णच नाही, कॅन्डिडा नावाची दुसरी बुरशीही घड्यांमध्ये वाढते. ओवीच्या सासूबाईंना छातीखाली जे होतं ते हेही असू शकतं. त्याची कातडी ओली, लालभडक, आणि कडेला बारीक पुटकुळ्या पसरलेल्या असतात.

भातखाचर, जनावराचं माणसाला होतं. वासरांना, पाड्यांना हे फार होतं आणि दूध पाजणाऱ्याच्या हाताला नेमकं कोपराखालीच येतं. पशुवैद्यकांना दाखवा, पाडी वेगळी बांधा, तिला लावलेला खरारा दुसऱ्या जनावराला नको. ही जनावरांकडची बुरशी माणसाच्या कातडीला जास्त भडकवते, सूज येते, पू झाल्यासारखं दिसतं. घाबरू नका, पण दाखवा.

चिखल्यांचं वेगळं आहे. तिथे एकटी बुरशी नसते. दिवसभर पाण्यात राहून कातडी कुजते, मग बुरशी आणि जंतू दोन्ही शिरतात. मेंदीने कातडी आवळली जाते, कोरडी पडते, म्हणून बरं वाटतं. आईंना थांबवू नका. त्याआधी पाय साबणाने धुऊन बेचके जुन्या सुती कापडाने एकेक करून कोरडे करायचे आणि क्लोट्रिमाझोलचं मलम लावायचं, हे त्यात जोडा. पाऊल सुजलं, पायावर लाल रेघ वर चढताना दिसली, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि चिखलात काम करणाऱ्याला नुसता ताप, अंगदुखी, पोटऱ्या ठणकणं असं झालं तरी जा. फाटलेल्या कातडीतून लेप्टोस्पायरा नावाचा जंतू शिरतो, कोकणात आणि तुमच्या पट्ट्यात हे दुखणं अंगावर काढून चालत नाही.

पिंपळपान | ८ जुलै

मी निवृत्त फार्मासिस्ट. पिंपरीत हयात गेली. ओवीताई, त्या दुकानदाराने केलं ते चूकच, पण आमच्या धंद्यातली गोष्टही सांगतो. काउंटरवर रोज पन्नास माणसं "खाज येते, काहीतरी द्या" म्हणतात. डॉक्टरकडे जा म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातात आणि शेजारचा देतो. २०१८ मध्ये सरकारने ही स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बरीच वर्षं पाठपुरावा केला होता. वेष्टनावर तशी सूचना असते. पाळतं कोण हे तुम्ही लोकलमध्ये बघितलंतच. मी दुकानात असताना शेवटची चार वर्षं ती ट्यूब काउंटरखाली ठेवली आणि चिठ्ठी मागितली. गिऱ्हाईक तुटलं, पण झोप लागली.

एक जुनी आठवण. बुरशीवरचं एक औषध आपल्या गावात शोधलं गेलंय, हे नव्या पोरांना ठाऊक नाही. हमायसिन. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांनी शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते निघालं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना, आपल्या पिंपरीवरून. आम्ही बाळांच्या तोंडातल्या पांढऱ्या थराला ते द्यायचो. गजकर्णाला नाही चालायचं, ते कॅन्डिडाचं औषध. गजकर्णाला तेव्हा व्हिटफिल्डचं मलम. सहा टक्के बेन्झॉइक आम्ल, तीन टक्के सॅलिसिलिक आम्ल. एक बुरशीला रोखतं, दुसरं वरचा थर सोलून काढतं. दगडी खलात मी स्वतः घोटून दिलंय. तळपायाला उत्तम, जांघेत लावलं तर आग होते.

चंद्रकोर | ११ जुलै

पाचवा महिना चालू आहे आणि पोटाच्या खालच्या घडीत दोन चकत्या आल्यात. गोळ्यांचं वाचून घाबरलेय. बाळाला काही होईल का? सासरी सांगायची सोय नाही.

रानजाई | ११ जुलै

चंद्रकोर, बाळाला याने काही होत नाही. तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना पुढच्या तपासणीला सरळ दाखवा, त्यांना यात नवल वाटणार नाही. क्लोट्रिमाझोलचं मलम गरोदरपणात वापरतात. इट्राकोनाझोल, ग्रिसिओफल्विन या गोळ्या मात्र या काळात टाळायच्या, आणि स्टेरॉइडवालं मिश्र मलम तर नकोच. नऊ महिने झाल्यावर उरलेलं बघता येईल. घडीत दोन्ही वेळा आंघोळीनंतर मऊ कापड ठेवून कोरडं करा, मगच मलम.

ओवी | ११ जुलै

चंद्रकोर, एकटी राहू नकोस ग. नवऱ्याला तरी सांग, आणि त्याची कंबर-जांघ बघ. बहुतेक त्यालाही असेल.

मलम कसं लावायचं ते आमच्या बाईंनी शिकवलं तसं लिहिते, कारण आम्ही आठ महिने चुकीचंच लावत होतो. आम्ही जिथे लाल तिथेच, मधोमध, रगडून लावायचो. चट्ट्याच्या कडेपासून दोन बोटं बाहेर, चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर सुरुवात करायची आणि गोल गोल आत यायचं. बुरशीची टोकं डोळ्याला दिसतात त्याच्या पुढे पोचलेली असतात. आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं. मला हे सगळ्यात जड गेलं. स्वच्छ दिसणाऱ्या कातडीवर रोज दोनदा मलम, वाटायचं पैसे पाण्यात चाललेत. सासूबाईच मला आठवण करायच्या.

कपड्यांचं: चौघांचे टॉवेल वेगळे, टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा टाचून ठेवला. आतले कपडे, परकर, चादरी गरम पाण्यात, उलटे करून उन्हात. पावसाळ्यात ऊन नाही, तेव्हा इस्त्री, आणि ती शिवणीवर, इलॅस्टिकवर, नाडीच्या नेफ्यावर, कारण कोंडा तिथे अडकतो. बुरशी त्या गळालेल्या कोंड्यात कित्येक महिने जिवंत राहते. रोगी कपड्यांची बादली वेगळी.

करगोट्यावरून घरात वाद झाला. सासूबाईंनी नजर लागू नये म्हणून बांधलेला, काढायचा नाही म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी त्यांनाच जवळ बोलावून भिंगातून दाखवलं, काळ्या दोऱ्याच्या पिळात पांढरा कोंडा अडकलेला होता. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने कापला. आता चांदीची साखळी पेटीत आहे, मुंजीला घालू म्हणतात.

रेनकोट | १२ जुलै

मी पुण्यात घरोघरी पार्सलं पोचवतो. बारा-बारा तास रेनकोट अंगात. वरून पाऊस, आतून घाम. कपडे बदलायला जागा नाही. तुम्ही सगळं बरोबर सांगता, पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? दोन महिन्यांच्या गोळ्यांचे पैसे ऐकून दवाखान्यातून परत आलो.

ओवी | १२ जुलै

दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्या ह्यांना विचारून लिहितेय. ते आता दोन आतल्या चड्ड्या प्लास्टिकच्या बंद पिशवीत नेतात आणि दुपारी बदलतात, कुठल्याही स्वच्छतागृहात दोन मिनिटं लागतात. चड्डी मांडीपर्यंत येणारी, सुती, सैल, म्हणजे मांडीला मांडी घासत नाही. जीन्स बंद, लवकर वाळणारी पँट.

पिंपळपान | १२ जुलै

रेनकोट, ससूनच्या त्वचाविभागाच्या ओपीडीत जा. सकाळचा अर्धा दिवस जाईल, पण तपासणी नीट होईल. आणि औषध जनऔषधी केंद्रातून घ्या, टर्बिनाफिन, इट्राकोनाझोल, क्लोट्रिमाझोल ही नावं चिठ्ठीवर असतील तर तिथे बरंच स्वस्त पडतं. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि कंपनीगणिक त्यांचा दर्जा सारखा नसतो, तेव्हा एकदा एक लागू पडलं की मध्येच बदलू नका. पैसे कमी असतील तर अर्धा कोर्स घेऊ नका. अर्ध्या कोर्सने बुरशी मरत नाही, परत उठते. डॉक्टरला सरळ सांगा, माझ्याकडे एवढेच पैसे आहेत, त्यात काय बसेल.

दूरदेशी | १५ जुलै

न्यू जर्सीहून. गेल्या वर्षी पुण्याहून दोन महिने राहून आलो आणि इथे आल्यावर नवऱ्याला झालं. इथल्या डॉक्टरांनी टर्बिनाफिन दिलं, काहीच फरक नाही. त्यांना हे प्रकरण नवीन होतं. मी त्यांना म्हटलं, आम्ही भारतातून आलोय, तिथे टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आहे. त्यांनी शोध घेतला तेव्हा सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन रुग्णांची नोंद केलेली सापडली. अमेरिकेतली ती पहिली नोंद. त्यातली एक बाई बांगलादेशला जाऊन आली होती, दुसरी कुठेच परदेशी गेलेली नव्हती. मग नमुना पाठवला आणि इट्राकोनाझोल सुरू झालं. परदेशात राहणाऱ्यांनी डॉक्टरांना आपला प्रवास आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

कैरी | २ ऑगस्ट

नवऱ्याची ट्यूब फेकली, तपासणी झाली, औषध चालू आहे. आता मुलाचं विचारते. गालांवर पांढरट डाग आलेत, थोडी खरखरीत कातडी. शेजारच्या काकू म्हणतात जंत झालेत. सासरच्यांना कोडाची धास्ती. माझी झोप उडाली आहे.

रानजाई | २ ऑगस्ट

कैरी, न बघता निदान करणार नाही, पण तीन गोष्टी सांगते. लहान मुलांच्या गालांवर असे फिकट, किंचित खवल्यांचे डाग फार वेळा येतात. त्यात बुरशी नसते, जंतांचा संबंध नसतो. कोरड्या कातडीचा तो प्रकार, साधं तेल-मलम लावून हळूहळू जातो. दुसरं, शिबं. ती मानेवर, छातीवर, पाठीवर येतात, नखाने ओरखडलं की बारीक कोंडा निघतो. ही मॅलसेझिया नावाच्या बुरशीची, जी सगळ्यांच्याच कातडीवर राहते. ती एकमेकांना लागत नाहीत. उपचारानंतरही पांढरे डाग काही महिने दिसतात कारण रंग भरायला वेळ लागतो. औषध लागू पडलं नाही असं समजून लोक डॉक्टर बदलत राहतात. आणि कोड असेल तर डाग खडूसारखा पांढरा, कातडी अगदी गुळगुळीत. आमच्याकडे एका विशिष्ट दिव्याखाली हे पाच मिनिटांत उलगडतं. मुलाला घेऊन जा आणि मग शांत झोपा.

एक अजून, शाळकरी मुलांच्या डोक्यात केस तुटून टक्कल पडल्यासारखा कोंडेदार गोल दिसला तर नुसतं मलम चालत नाही. केसाच्या मुळाशी बुरशी असते, पोटातून औषध द्यावंच लागतं. घरात मांजर असेल तर तिचंही अंग तपासा. नखांचंही तसंच, पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर ते नख अंगाच्या बाकी कातडीला बुरशी पुरवत राहतं.

भातखाचर | १९ ऑगस्ट

पाडी बरी आहे, माझा हातही. आईच्या पायाला यंदा मेंदीच्या आधी मलम लावायला लावलं. शेजारच्या तिघीजणी आता रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून बेचके पुसतात. रानजाई ताई, तापाचं सांगितलंत ते लक्षात ठेवून वाडीतल्या एकाला वेळेत कोल्हापूरला हलवला. लेप्टोच निघाला. घरी आलाय.

ओवी | ७ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात ह्यांच्या कमरेवर, डाव्या बाजूला, चार आण्याएवढं एक कडं दिसलं. यावेळी ह्यांनी स्वतःहून, त्याच रात्री, दिवा लावून मला दाखवलं. मी रडलेच. दुसऱ्या दिवशी काहीही न लावता बाईंकडे गेलो. खरवडलं, काचपट्टीवर तेच तंतू. बाईंनी ह्यांच्या पायाची नखं बघितली, अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालेलं होतं. मागच्या वेळी बुटांमुळे कुणी बघितलंच नव्हतं. रानजाई, तुम्ही लिहिलेलं शब्दशः तेच. आता नखासाठी तीन महिन्यांचे उपचार सुरू झालेत, त्याआधी यकृताची तपासणी झाली. चौघांच्या अंगाची नखशिखांत पाहणी केली, बाकी कुणाला नाही.

आणि ती लोकलमधली मुलगी काल परत भेटली. ठाकुर्ली यायच्या आत तिला सगळं सांगितलं. तिने पर्समधून ट्यूब काढून मागची अक्षरं वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "तुमच्या डॉक्टरबाई शनिवारी असतात का?"